पोटाची तक्रार : मोठ्या डॉक्टरकडे केव्हा जायचे?

(मध्य प्रदेशातील एका जंक्शनवर शाखेच्या मेळाव्यात मराठी भाषिक रेल्वे कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसमोर शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



बदल्या झाल्या, प्रमोशनची यादी झाली, क्वार्टरच्या गळतीवरही बरेच बोलून झाले. आता जो विषय आम्ही घेणार आहोत तो ऐकून मागच्या रांगेत थोडे हसू होईल, होऊ द्या. विषय पोटाचा आहे. आपण नेहमी म्हणतो ना, पोटासाठी राबतो, ते पोट नव्हे. खरेखुरे पोट, ज्यात रात्री दोन वाजता गार झालेला डबा जातो, ते.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण शाखेचे काम करताना आजारी सहकाऱ्यांचे कागद घेऊन आम्ही रेल्वेच्या दवाखान्यांच्या पायऱ्या पुष्कळ चढलो-उतरलो, आणि तिथल्या व बाहेरच्या डॉक्टरांना विचारून विचारून काही गोष्टी समजून घेतल्या. कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पोटाच्या स्पेशालिस्टकडे केव्हा जायचे आणि आपल्या रेल्वेच्या व्यवस्थेत त्याच्यापर्यंत पोचायचे कसे, एवढेच सांगणार आहोत. त्या डॉक्टरला गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट म्हणतात. तोंडात बसत नसेल तर पोटविकारतज्ज्ञ म्हणा, पोटाचा मोठा डॉक्टर म्हणा, काही बिघडत नाही.

रेल्वेवाल्याचे पोट का बिघडते याचे संशोधन करण्याची गरज नाही. लोको पायलट आणि गार्ड यांना कॉल केव्हा येईल याचा नेम नाही. (गार्डला जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचे आहे. नाव बदलले, डबा तोच.) मालगाडी लूपला चार तास उभी राहिली की जेवण म्हणजे समोसा आणि चहा. रनिंग रूमला पोचेपर्यंत भूक मेलेली असते, मग तंबाखूची चिमूट आणि झोप. ट्रॅक मेंटेनर दिवसभर हातोडा, क्रोबार चालवतो, संध्याकाळी कंबर धरते, मग केमिस्टकडून आणलेली अंगदुखीची गोळी रिकाम्या पोटी. इंजिनात संडासाची सोय अजून सगळीकडे झालेली नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लागलेली दाबून धरायची. ज्या भगिनी इंजिनावर किंवा गँगमध्ये काम करतात त्यांचे हाल आम्ही वेगळे सांगायला नकोत. कामाच्या तासांसाठी आमच्या वडिलांच्या पिढीने ८ मे १९७४ पासून संप केला, तुरुंग पाहिले. कामाचे तास आणि विश्रांती यांची २००५ ची नियमावली आज छापील आहे. पण पोटाला ती वाचता येत नाही.

तेव्हा पोटाची तक्रार आपल्यात सगळ्यांनाच आहे, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. सगळ्यांनाच आहे म्हणून कोणाचीच मोठी वाटत नाही.

आमच्या ओळखीचे एक कीमन होते. गाव, नाव सांगत नाही, घरच्यांना बरे वाटणार नाही. वय बावन्न. रोज आपला बीट पायी चालणारा, अंगाने काटक माणूस. तंबाखू होती. एका पावसाळ्यात त्यांना चपाती गिळताना छातीत अडकल्यासारखे होऊ लागले. ते हेल्थ युनिटला गेले आणि खिडकीवर म्हणाले, "साहेब, ॲसिडिटी आहे." ॲसिडिटीची गोळी मिळाली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तेच म्हणाले, पुन्हा तीच गोळी मिळाली. पुढे चपाती सोडून वरणभातावर आले, मग पेजेवर आले, मग चहात बिस्किट बुडवून. बायकोने विचारले तर म्हणत, दात दुखतो. पट्ट्याला दोन नवी भोके पाडली. आठ महिने असे गेले. दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि तो बराच पसरलेला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. दिवाळीनंतर ते गेले.

हे आम्ही कोणाला शिव्या देण्यासाठी सांगत नाही. ओपीडीत ऐंशी पेशंट असतात, एकेकाच्या वाट्याला दीड-दोन मिनिटे येतात. डॉक्टरने विचारायला हवे होते हे खरे. पण "घास अडकतो" हे दोन शब्द त्या आठ महिन्यांत खिडकीवर एकदाही उच्चारले गेले नाहीत. ॲसिडिटी या एका शब्दाने सगळे झाकून टाकले.

म्हणून आमचे पहिले म्हणणे हे की दवाखान्यात गेल्यावर ॲसिडिटी, गॅस, पित्त हे शब्द वापरू नका. ती आजाराची नावे आहेत आणि नाव ठेवणे डॉक्टरचे काम आहे. आपण काय होते ते सांगायचे. छातीत जळजळते का, बेंबीच्या वर दुखते का, जेवणाआधी दुखते की जेवणानंतर, रात्री दुखून जाग येते का, घास कुठे अडकतो, संडासचा रंग काय, कधीपासून. गॅस या नावाखाली आपल्याकडे हार्ट ॲटॅकपासून पित्ताशयाच्या खड्यापर्यंत दहा आजार सुखाने राहतात.

आता दर वेळी मोठ्या डॉक्टरकडे धावायचे का? नाही. लग्नातले जेवण अंगाला आले, दोन दिवस आंबट ढेकर आले, तर त्याला स्पेशालिस्ट नको. साधे जुलाब लागले तर पहिले औषध ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून पाजायला लावले आणि हजारो माणसे वाचली. ती पुडी आज प्रत्येक हेल्थ युनिटमध्ये फुकट मिळते. आपल्या लाईन बॉक्समध्ये दोन पुड्या असाव्यात. जुलाबात रक्त पडले, ताप चढला, लघवी बंद झाली, किंवा लहान मूल मलूल पडले तर मात्र लगेच डॉक्टर. आणि जुलाब चार आठवड्यांच्या पुढे गेले तर तो साधा प्रकार राहिला नाही, तिथे तज्ज्ञ लागतो.

जळजळीचेही तसेच. वय कमी आहे, वजन ठीक आहे, दुसरे काही लक्षण नाही, तर आधी हेल्थ युनिटचा डॉक्टर. ते बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जातीची गोळी देतात. ही गोळी सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आपण ती जेवून, पान खाऊन, झोपताना घेतो आणि मग म्हणतो रेल्वेच्या गोळीत दम नाही. सांगितल्याप्रमाणे चार ते आठ आठवडे घेऊन गुण आला नाही, किंवा बंद केली की लगेच पुन्हा सुरू होते असे दोन-तीन वेळा झाले, की "साहेब, आता स्पेशालिस्टला दाखवा" म्हणायचे. केमिस्टकडून स्ट्रिप आणून दोन दोन वर्षे खाणारे सहकारी आमच्या पाहण्यात आहेत. अशी गोळी अल्सरचे, कधी कधी कॅन्सरचेही दुखणे थोडे दिवस दाबून ठेवते. सिग्नलच्या दिव्यावर कापड टाकल्यासारखे आहे ते.

अल्सरचा विषय निघालाच तर एक गोष्ट सांगतो. पूर्वी समजूत अशी होती की अल्सर काळजीने होतो आणि तिखटाने होतो. आपल्या घरात आजही हेच बोलतात आणि बायकोच्या मिरचीला दोष देतात. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की जठरात एक जंतू राहतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आणि बऱ्याचशा अल्सरचे मूळ तो आहे. लोक मानेनात, म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि जठराची सूज ओढवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आपल्या देशात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू आहे आणि बहुतेकांना त्याचा त्रास नाही, तेव्हा घाबरू नका. पण अल्सर असेल तर त्याची तपासणी झालीच पाहिजे, आणि जंतू सापडला तर साधारण चौदा दिवसांचा दोन-तीन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारी गोळी असा कोर्स पुरा केला पाहिजे. आठव्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडणारे पुन्हा येतात, आणि तेव्हा जंतू तेच औषध जुमानत नाही. जंतू गेला की नाही याचीही पुढे महिन्याभराने तपासणी असते, ती चुकवायची नाही. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर या तपासण्या फसतात, म्हणून ती किती दिवस आधी बंद करायची हे डॉक्टरला विचारून घ्या.

अल्सरचे दुसरे मूळ अंगदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, ॲस्पिरिन. हे आम्ही ट्रॅकवरच्या बांधवांना खास सांगतो. ती गोळी जठराचे अस्तर सोलते. कंबर दुखते म्हणून रोज गोळी घेणाऱ्याला पोट दुखण्याआधीच एकदम रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत. हृदयाच्या डॉक्टरने ॲस्पिरिन दिली असेल तर आपल्या मनाने बंद मात्र करू नका, त्या डॉक्टरला पोटाचे सांगा.

आता ज्या खुणा दिसल्या तर वाट पाहायची नाही, गोळी खाऊन बघायचे नाही, सरळ तज्ज्ञाकडे पाठवा म्हणायचे, त्या ऐका. आया-बहिणींनी जास्त नीट ऐका, कारण पुरुष सांगत नाहीत.

गिळताना अडकणे ही पहिली. कीमन बंधूंचे सांगितलेच.

दुसरी, प्रयत्न न करता वजन उतरणे. सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा गेला, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो गेले, तर त्याचे कारण शोधायचे. काटा कुठून आणायचा म्हणाल तर पार्सल ऑफिसात आहे. महिन्यातून एकदा उभे राहा, आकडा डायरीत लिहा. पार्सल बाबू हसतील, त्यांनाही उभे करा.

तिसरी, काळी संडास. डांबरासारखी काळी, चिकट, फार घाण वासाची. पोटात वरच्या भागात रक्त वाहिले की ते पचून असे काळे होते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते, पण ती अशी चिकट नसते. शंका असेल तर डॉक्टरला ठरवू द्या आणि त्याच दिवशी जा. आपले लोक संडासकडे बघत नाहीत, पाणी ओततात आणि बाहेर येतात. बघायची सवय लावून घ्या, त्यात कमीपणा नाही.

चौथी, रक्त कमी असणे. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि बाईचे १२ च्या खाली गेले तर ते कमी धरतात. बाईचे कमी असले की पाळीवर आणि खाण्यावर ढकलतात आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण पुरुषाचे रक्त कमी झाले, किंवा पाळी गेलेल्या बाईचे कमी झाले, तर रक्त कुठेतरी गळते आहे का हे पाहावेच लागते, आणि गळायची जागा बहुधा पोट-आतड्यात असते. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवले तर विनयाने पण ठामपणे विचारा, "साहेब, कमी का झाले?"

पाचवी, संडासवाटे लाल रक्त आणि शौचाची सवय बदलणे. लाल रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचे असते हे खरे. आपल्या रुळांलगतच्या भिंतींवर मूळव्याध-भगंदर मुळापासून बरे करणाऱ्यांच्या जाहिराती इथून हावड्यापर्यंत रंगवलेल्या आहेत, आपण रोज त्या वाचत गाडी चालवतो. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचेही रक्त लालच असते. तपासल्याशिवाय भिंतीवरच्या वैद्याला ते कळत नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, किंवा महिनाभर कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब असे नवेच चालू झाले असेल, किंवा आई-बाप, भाऊ-बहीण यांच्यात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपीविषयी विचारायचे.

आणखी आहेत. पन्नाशीच्या सुमाराला आयुष्यात पहिल्यांदाच पोट सतत दुखू लागणे. वारंवार उलट्या, विशेषतः काल खाल्लेले आज पडणे. पोटात गाठ लागणे. पोटात पाणी भरणे. कावीळ. काविळीवर आपल्याकडे माळ घालतात, हातावर डाग देतात, झाडपाला पाजतात. काही काविळी आपोआप उतरतात, श्रेय मात्र माळेला जाते. पण न दुखता वाढत जाणारी कावीळ, अंगाला खाज, पांढुरकी संडास असे असेल तर पित्ताची वाट बंद झालेली असू शकते आणि एकेक आठवडा महत्त्वाचा असतो. सोनोग्राफी लगेच झाली पाहिजे. हिपॅटायटीस बी आणि सी या काविळींची तपासणी आणि औषध २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत ठेवले आहे, हेही लक्षात ठेवा. दारूचे आम्ही फार बोलत नाही, लॉबीतले ब्रेथ ॲनालायझर बोलते. एवढेच सांगतो की लिव्हर शेवटपर्यंत दुखत नाही. पाय सुजले, पोट फुगले, रक्ताची उलटी झाली, तेव्हाच ते बोलते.

संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, बेंबीच्या उजवीकडे खाली दुखणे आणि मधूनच पोट फुगून गुरगुरणे, असे असेल तर आतड्याचा टीबी असू शकतो. टीबी फक्त छातीत होतो हा गैरसमज आहे. कमीत कमी सहा महिन्यांचे औषध मोफत मिळते आणि बरा होतो.

आपला अंक देशभर जातो म्हणून मुलखाप्रमाणे एक फरक सांगतो. आपले मराठी बांधव बदलीवर कुठे कुठे आहेत. गंगेच्या पट्ट्यात, उत्तर प्रदेश-बिहारकडे, पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आढळतो. आसामात आणि काश्मिरात अन्ननलिकेचा, मिझोराममध्ये जठराचा. तिकडे वर्षानुवर्षे राहिलेल्यांनी तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी कळ, जी पाठीत किंवा खांद्यात जाते, ती गॅस म्हणून सोडू नये. इकडे राहणाऱ्यांनीही नये. सोनोग्राफीत खडे दिसले तर सर्जनचा सल्ला घ्यावा.

हे झाले आठवड्या-दोन आठवड्यांत तज्ज्ञ गाठायचे. काही गोष्टींत तासही घालवायचा नाही. रक्ताची किंवा काळपट, चहाच्या चोथ्यासारखी उलटी. काळ्या संडासबरोबर चक्कर. पोट लाकडासारखे कडक होऊन असह्य दुखणे. पोट फुगले, उलट्या चालू आणि संडासही नाही, वाराही सरत नाही. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलेली कळ आणि ताप. यात ओपीडी नाही, कॅज्युअल्टी. आणि सगळ्यात महत्त्वाचे, छातीत जळजळ किंवा दाब, सोबत घाम, श्वास लागणे, जबडा किंवा डावा हात जड होणे, तर ती ॲसिडिटी नाही असे समजूनच चालायचे. आधी ईसीजी, मग ढेकर. गाडीवर असाल तर कंट्रोलला आणि पुढच्या स्टेशन मास्तरला तिथल्या तिथे कळवा. पंक्चुॲलिटीचा हिशेब नंतर होतो.

अशा वेळी रेफरच्या कागदासाठी थांबू नका. जवळचे हॉस्पिटल गाठा. रेल्वे डॉक्टरला लवकरात लवकर कळवा, आणि इमर्जन्सी होती असे हॉस्पिटलचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिले घरातल्या माणसाने एका पिशवीत ठेवावीत. बिलाचे भांडण आम्ही भांडू, ते आमचे काम आहे. पण पिशवीत कागद नसेल तर आम्हीही काही करू शकत नाही.

इमर्जन्सी नसेल तर रस्ता ठरलेला आहे. हेल्थ युनिट, तिथून डिव्हिजनल हॉस्पिटल, तिथून झोनचे मोठे हॉस्पिटल किंवा रेल्वेशी करार असलेले बाहेरचे हॉस्पिटल. प्रत्येक डिव्हिजनल हॉस्पिटलमध्ये पोटाचा तज्ज्ञ असेलच असे नाही, ठरलेल्या वारी बाहेरून येणारा असू शकतो. तो वार विचारून घ्या. जाताना उमीद कार्ड, जुने रिपोर्ट, आणि खात असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप न्या, अंगदुखीच्या आणि आयुर्वेदिक पुड्यांसह. तंबाखू, दारू खरी खरी सांगा, डॉक्टर ते पर्सोनेल ब्रँचला कळवायला बसलेला नाही. दोन आठवड्यांची नोंद एका कागदावर लिहून न्या, ड्युटी किती ते किती, जेवण केव्हा, दुखले केव्हा. बोलताना पाय कापत असतील तर कागद पुढे ठेवा, कागद अडखळत नाही. तिसऱ्यांदा तीच गोळी मिळाली तर ओपीडीच्या पुस्तकात लक्षणे आणि तारीख लिहून द्यायची विनंती करा. कागदावर "गिळताना अडकते, दोन महिने" असे आले की रेफर मिळायला वेळ लागत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुर्बिणीची भीती पुष्कळांना आहे. सहा-आठ तास उपाशी राहायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात, बोटाएवढ्या जाडीची नळी जाते, पाच-दहा मिनिटांचे काम. उमळ येते, मरत कोणी नाही. झोपेचे इंजेक्शन दिले असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मोटारसायकलही नाही, साइन ऑन तर नाहीच. सोबत माणूस न्या. आतून तुकडा काढला म्हणजे कॅन्सर पसरतो ही अफवा आहे. कोलोनोस्कोपीत खरा त्रास आदल्या दिवशीचा, औषधाचे पाणी पिऊन पोट साफ करायचे, त्या दिवशी संडासजवळची खोली धरा.

आता खरी अडचण. आम्हाला माहीत आहे की लोक अज्ञानाने थांबत नाहीत, मायलेज बुडते म्हणून थांबतात. सिकमध्ये गेले की किलोमीटरचे पैसे गेले, मुलाची फी त्या पैशावर. दुसरी भीती, मेडिकलने कॅटेगरी काढली तर? बंधूंनो, अल्सर बरा होतो आणि माणूस फिट सर्टिफिकेट घेऊन इंजिनावर परत येतो. समजा गंभीर निघाले आणि कॅटेगरी गेलीच, तर पर्यायी जागा आणि पगाराचे संरक्षण हा नियम आहे, तो मिळवून द्यायला युनियन आहे. आणि पीएमई पास झालो म्हणून निर्धास्त राहू नका. पीएमईत डोळे बघतात, ब्लडप्रेशर, साखर बघतात. पोटात दुर्बीण कोणी घालत नाही.

सफाई, पँट्री, पार्सलमधल्या ठेक्यावरच्या भावांना उमीद कार्ड नाही. त्यांच्यासाठी ईएसआय आहे. त्याची पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये केली गेली. ठेकेदार पगारातून कापतो पण नंबर देत नाही अशी तक्रार असेल तर आमच्याकडे या. निवृत्तांनी आरईएलएचएसचे कार्ड घरात सापडेल अशा जागी ठेवावे.

युनियनतर्फे आम्ही डिव्हिजनकडे तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. डिव्हिजनल हॉस्पिटलमध्ये पोटाच्या तज्ज्ञाचा ठरलेला वार, त्या तारखेला जाणाऱ्या स्टाफला लिंकमधून आधीच मोकळीक, आणि रनिंग रूममध्ये कोणत्याही वेळी गरम जेवण. पहिल्या दोन्हींवर बोलणी चालू आहेत. तिसऱ्यावर उत्तर आले की ठेका दिलेला आहे. ठेका आम्हालाही माहीत आहे, डाळ मिळत नाही.

शाखेच्या ऑफिसात उद्यापासून एक वही ठेवतो आहोत. ज्यांना तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस केमिस्टच्या गोळीवर काढावे लागले, किंवा वर सांगितलेल्यांपैकी एकही खूण आहे, त्यांनी नाव आणि ड्युटीचा वार लिहावा. आजार लिहायची गरज नाही. बायकांसाठी आमच्या सहसचिव भगिनी मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा बसतील. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर शाखेचा एक माणूस खिडकीपर्यंत सोबत येईल. दारावर जो वजनकाटा ठेवला आहे तो पार्सलमधून दोन तासांसाठी आणलेला आहे, सहा वाजता परत द्यायचा आहे, तेव्हा जाताना रांगेने उभे राहा.